अधिष्ठात्याच्या हाती झाडू

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ ऑक्टोबर २०२३ रोजी जो प्रसंग घडला, तो आमच्या वाचकांच्या स्मरणातून अद्याप गेला नसेल. त्यापूर्वी, ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून अवघ्या चोवीस तासांत त्या रुग्णालयात २४ जीव गेले होते. त्यांपैकी १२ अर्भके होती. पुढील दिवसाच्या मृत्यूंची भर पडून हा आकडा ३१ वर पोहोचला. मराठवाड्याच्या पंचांगात ३० सप्टेंबर ही तारीख आधीच काळी आहे. बरोबर तीस वर्षांपूर्वी त्याच पहाटे किल्लारीची भूमी हादरून हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली होती. परंतु ते भूमातेचे करणे होते. हे तसे नव्हते, आणि म्हणूनच लोक चिडले. अशा वेळी हिंगोलीचे तत्कालीन खासदार श्री. हेमंत पाटील रुग्णालयाच्या पाहणीस आले, त्यांना स्वच्छतागृहे घाणीने भरलेली दिसली, आणि त्यांनी रुग्णालयाचे प्रमुख जे अधिष्ठाता, त्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करविले. चित्रफीत घेणारे हजर होतेच. दुसऱ्या दिवशी ते दृश्य घरोघर पोहोचले.

पुढे अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारांवर गुन्हा नोंदला गेला. आणि एका मृत प्रसूतेच्या नातलगाच्या फिर्यादीवरून खुद्द अधिष्ठात्यांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. एकच गृहस्थ एकाच आठवड्यात एका प्रकरणी फिर्यादी आणि दुसऱ्या प्रकरणी आरोपी झाले. न्याय काय व्हावयाचा तो न्यायमंदिरात होईल. त्यात आम्ही बोट घालीत नाही.

आम्हांस बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी, आणि त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. ती चित्रफीत प्रथम पाहिली तेव्हा आमच्या तोंडूनही, चहाचा पेला हातात असताना, "बरे झाले, कोणीतरी कान धरला," असे उद्गार निघाले. आमच्या परिचयातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत हीच प्रतिक्रिया उमटली असावी असा आमचा तर्क आहे. सरकारी रुग्णालयाच्या शौचालयात ज्याने एकदा पाऊल टाकले आहे त्याला हा संताप समजेल. रात्री विचार करता करता मात्र एक प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या जाईना. त्या अधिष्ठात्यांच्या हाती त्या दिवशी झाडू आला. पण त्या दिवसापूर्वी त्यांच्या हाती काय होते?

झाडू हाती घेणे हे हलके काम आहे असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात ते कोणी करू नये. पण बाबांनी झाडू स्वतः उचलला होता. आणि ज्या गावात ते जात तेथील गावकरी त्यांच्या मागोमाग झाडू घेत, कारण त्यांच्या शब्दाला वजन होते. रुग्णालयाच्या प्रमुखाच्या शब्दाला किती वजन आहे हे पाहू लागलो तर जे दिसते ते मन विषण्ण करणारे आहे. सफाई कामगारांची रिक्त पदे तो भरू शकत नाही. ती भरण्याची परवानगी मुंबईहून यावी लागते. परिचारिका कमी पडल्या तर तो दुसरीकडून आणू शकत नाही. प्राध्यापकाची बदली झाली तर ती थांबविणे त्याच्या हाती नाही. कित्येकदा ती त्याला आज्ञापत्र हाती पडल्यावरच कळते. औषधांची मोठी खरेदी त्याच्याकडे नाही. २०१७ पासून ती हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली. त्या व्यवस्थेविषयी इतकी ओरड झाली की २०२३ साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापावे लागले. नांदेडचे मृत्यू घडले तेव्हा या नव्या प्राधिकरणास पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीही नव्हता, आणि तो नेमा असे मुंबई उच्च न्यायालयास सांगावे लागले. स्थानिक खरेदीची थोडी मुभा अधिष्ठात्यास असते. पण तीही मर्यादेत, आणि लेखापरीक्षकाच्या भीतीने ती मुभा वापरण्यापेक्षा न वापरणे अधिक सुरक्षित असते. कारण औषध आणले नाही म्हणून बढती अडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणले म्हणून चौकशी लागल्याची उदाहरणे मात्र प्रत्येक कचेरीत ऐकावयास मिळतात.

राहता राहिली गोष्ट रुग्णांच्या संख्येची. या रुग्णालयाला मंजुरी सुमारे पाचशे खाटांची, आणि दाखल रुग्ण त्याच्या दुपटीच्या घरात. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाची क्षमता २४ बालकांची. त्या दिवसांत तेथे साठांहून अधिक बालके होती असे प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या ९७ मंजूर पदांपैकी ४९च भरलेली आहेत असे उच्च न्यायालयापुढे सांगण्यात आले. किनवट-माहूरच्या डोंगरातून, देगलूर-मुखेडच्या सीमेवरून, हिंगोलीहून, परभणीहून, तेलंगणातील आदिलाबादेहून रुग्ण येणार. त्यांना नाही म्हणणे अधिष्ठात्याच्या हाती नाही, आणि माणुसकीच्या दृष्टीने ते असूही नये. पण खाटा वाढविणेही त्याच्या हाती नाही. एवंच, पाणी अडविण्याचा अधिकार नाही, बांध उंच करण्याचा अधिकार नाही, आणि शेत वाहून गेले की जाब मात्र त्याने द्यावयाचा, अशी ही राखणदारी आहे.

न्यायालयात सरकारपक्षातर्फे असे सांगण्यात आले की, यात ढोबळ निष्काळजीपणा आढळत नाही. रुग्णालयावर ताण फार होता, आणि खाजगी रुग्णालयांनी पुष्कळ रुग्ण अगदी अखेरच्या अवस्थेत तेथे पाठविले होते. हे उत्तर खरे असेल असे आम्ही धरून चालतो. परंतु ते खरे असेल तर अधिक भयंकर आहे. अपुऱ्या दिवसांचे, किलोभर वजनाचे बालक एखाद्या तालुक्याच्या गावी जन्मास येते. तेथे दोन दिवस राहते. पैसे संपतात किंवा डॉक्टरांचा धीर संपतो. मग ते रुग्णवाहिकेतून विष्णुपुरीस येते. ते पहिल्याच तासात निघावे, ऊबेत निघावे, निघण्यापूर्वी इकडे दूरध्वनी व्हावा, आणि इकडे जागा नसेल तर लातूरला किंवा अंबाजोगाईला आहे काय हे कोणीतरी विचारावे, ही व्यवस्था लावणे कोणाचे काम आहे? मंत्र्याला ते कळणार नाही. जिल्हाधिकाऱ्यालाही कळणार नाही. किलोभराचे बालक किती वेळात थंड पडते हे त्याच्या परीक्षेत विचारलेले नसते. ते बालरोगशास्त्रातील एखाद्या मुरलेल्या, वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ अशा डॉक्टरासच कळेल. आणि त्याने सांगितलेले सबंध जिल्ह्याने, खाजगी आणि सरकारी दोघांनीही, ऐकले पाहिजे अशी त्याची जागा असावी लागेल. ही जागाच आमच्याकडे नाही. हा आमच्या लेखाचा मुद्दा आहे.

जागा नाही असे म्हणताच कोणी अधिकारी हसेल आणि म्हणेल, "जागा नाही कशी? उलट चार आहेत." तेच तर आम्ही म्हणतो! एका जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक असतो. त्याच्याकडे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये. जिल्हा आरोग्य अधिकारी असतो. तो जिल्हा परिषदेचा, त्याच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे. महानगरपालिकेचा आरोग्य अधिकारी निराळा. वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाता आणखी निराळा. त्याचे खातेही निराळे, मंत्रीही निराळा. पहिले दोघे सार्वजनिक आरोग्य खात्याकडे तोंड करून बसतात, तिसरा नगरविकासाकडे, चौथा वैद्यकीय शिक्षणाकडे. गरोदर बाई मात्र एकच असते. ती सकाळी पहिल्याच्या हद्दीत, दुपारी दुसऱ्याच्या आणि मध्यरात्री चौथ्याच्या हद्दीत जाते. आणि तिच्याबरोबर जाणारी चिठ्ठी वाचण्यास बांधलेला असा त्यांपैकी कोणीही नाही. लातुरास तर याहून मौजेचा प्रकार झाला. तेथे २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यासाठी असलेले जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाकडे गेले, आणि मग वेगळे जिल्हा रुग्णालय द्या म्हणून लातूरकरांना वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या.

ही दुही काही आजची नाही, आणि तिचे निदान तर फारच जुने आहे. १९४६ साली, म्हणजे नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या अमलाखाली असतानाच, सर जोसेफ भोर यांच्या समितीने हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेविषयी जो प्रचंड अहवाल दिला, त्यात रोग बरे करणारी आणि रोग टाळणारी अशी दोन खाती ठेवू नका, कारभाराच्या प्रत्येक पायरीवर ती एकत्र आणा, असे सांगितलेले होते. पूर्णवेळ सरकारी डॉक्टरांनी खाजगी व्यवसाय करू नये, हेही त्यात होते. त्या अहवालातील प्राथमिक केंद्रांची कल्पना आपण उचलली. ही दोन कलमे सोयीस्कर रीतीने बाजूस ठेवली. आमच्या मराठवाड्यात आरोग्याच्या इमारती उभ्या राहिल्या नाहीत असे कोणी म्हणू नये. अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, नांदेडास १९८८ मध्ये निघाले, लातुरास निघाले, अलीकडे २०२३ मध्ये परभणीस आणि २०२४ मध्ये हिंगोलीसही निघाले. कोनशिलांना तोटा नाही. तोटा आहे तो त्या इमारतींमधून रात्री फिरणाऱ्या ज्येष्ठ माणसाचा.

आता या बाबतीत दोन पक्ष आमच्यावर तुटून पडतील, ते आम्हांस ठाऊक आहे. पहिला पक्ष सनदी अधिकाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, डॉक्टरास नाडी कळते, कारभार कळत नाही. त्याच्या हाती पैसा आणि नेमणुका दिल्या तर गोंधळ होईल. म्हणून संचालकाच्या वर आयुक्त हवा, आयुक्ताच्या वर सचिव हवा. या म्हणण्यात तथ्यांश मुळीच नाही असे नव्हे. उत्तम शल्यवैद्य पण कागद पाहून घाबरणारा असा अधिष्ठाता आम्ही पाहिलेला आहे. परंतु यावरून नियम काढावयाचा तर इतिहास आड येतो. मुंबईचे केईएम रुग्णालय १९२६ साली उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता दीर्घकाळ त्याचे आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. त्या संस्थेला त्यांनी जी शिस्त लावली तिच्यावर पुढच्या पिढ्या जगल्या. आणि याच डॉक्टरास पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री होण्यास कारभाराचे अज्ञान आड आले नाही. बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय यांचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी आहे. मद्रास इलाख्याने १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला, त्या कामासाठी शिकविलेल्या डॉक्टरांची स्वतंत्र श्रेणी जोपासली, आणि १९९४ पासून औषध-खरेदीसाठी एक महामंडळ चालविले, ज्याचे अनुकरण इतर प्रांतांनी केले. तामिळनाडूत सनदी अधिकारी नाहीत असे थोडेच आहे? आहेत, पण ते डॉक्टरांच्या शेजारी बसतात.

इंग्रजांनी हा प्रयोग आमच्याआधी करून पाहिला आहे. १९८३ साली सर रॉय ग्रिफिथ्स या व्यापारी गृहस्थाने तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेची पाहणी केली आणि म्हटले की, येथे जबाबदार कोण हेच कळत नाही. आज नाइटिंगेलबाई दिवा घेऊन फिरल्या तर त्या रोग्यांऐवजी प्रमुखालाच शोधीत फिरतील. उपाय म्हणून व्यवस्थापक नेमले गेले. ग्रिफिथ्स यांना कारभारात डॉक्टरही हवे होते, हे खरे. पण व्हावयाचे ते झाले आणि पुष्कळ ठिकाणी डॉक्टर अंग काढून बसले. त्याचे फळ मिड स्टॅफर्डशायर येथे दिसले. २००५ ते २००९ या काळात त्या रुग्णालयात रुग्णांचे जे हाल झाले त्यांची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. २०१३ च्या त्यांच्या अहवालात दिसते ते असे की, व्यवस्थापक जमाखर्चाच्या आणि उद्दिष्टांच्या मागे होते, आणि वरिष्ठ डॉक्टर सर्व पाहून गप्प होते. कागद सर्व ठीक होते. रोगी पाण्यावाचून तळमळत होते.

याच्या उलट टोकाचेही एक उदाहरण आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेल्वाइस नावाचा एक तरुण डॉक्टर बाळंतिणींचे मृत्यू मोजीत बसला. शवविच्छेदन करून आलेले हात न धुता प्रसूतिगृहात जातात, तेथे बाया मरतात, हे त्याने आकड्यांनिशी दाखविले. हात चुन्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाने धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. पण तो होता साहाय्यक. १८४९ मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढविली गेली नाही, आणि वरिष्ठांनी त्याचे म्हणणे दीर्घकाळ मानले नाही. मृत्यू मोजणारा एक आणि अधिकार असणारा दुसरा, अशी वाटणी झाली की बाळंतिणी मरतात. मग ते शहर व्हिएन्ना असो की नांदेड.

दुसरा पक्ष डॉक्टरांचाच आहे, आणि त्यांच्याशी आमचे भांडण अधिक कडक आहे. कारण सनदी अधिकाऱ्याने खुर्ची बळकावली हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे की डॉक्टरांनी ती रिकामी ठेवली. "आम्ही रोगी पाहणार, फायली पाहणार नाही," हे वाक्य आम्ही इतक्या नामांकित डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे की ते त्यांना विद्यालयातच शिकवीत असावेत असा संशय येतो. हे वैराग्य नव्हे. फायल टाळणारा हात दुपारनंतर कोठे गुंतलेला असतो हे गावात सर्वांना ठाऊक असते. बाहेरच्या दवाखान्याची पाटी पत्नीच्या नावाची असली म्हणून काय झाले? सर्वच असे करतात असे आम्ही म्हणत नाही. रात्रीचा दिवस करणारे प्राध्यापक-डॉक्टर आम्ही जवळून पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे आमची मान लवते. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका वृद्ध बाईंना घेऊन आम्ही एका सरकारी रुग्णालयात तीन रात्री काढल्या. त्या तीन रात्रींत आमच्या बाईंजवळ जे कोणी आले ते सर्व पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. डोळे तांबारलेले, शर्टावर डाग. त्यांतल्या एकाने आमच्या दशमीतला तुकडा मागून खाल्ला. "मोठे सर सकाळी येतील," असे तो प्रत्येक प्रश्नाला सांगे. मोठे सर सकाळी आले, सात मिनिटे होते, आणि गेले. त्या मुलाविषयी आमच्या मनात राग नाही. पण आमच्या महाविद्यालयात परीक्षेच्या दिवशी प्राचार्य घरी झोपून राहिले आणि सबंध केंद्र शिपायांनी चालविले तर आम्ही काय म्हटले असते?

प्राचार्यांचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. आमच्या शिक्षणखात्यातही 'प्रभारी' नावाचा एक प्राणी गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. प्रभारी प्राचार्य, प्रभारी संचालक, प्रभारी कुलसचिव. प्रभाऱ्याचा गुण असा की, तो कोणाचे वाईट करीत नाही आणि कोणाचे बरेही करीत नाही. कारण उद्या खरा येईल ही भीती त्याला असते. रुग्णालयाच्या कारभारातही हा प्राणी शिरलेला आहे. ज्या खुर्चीवर बसणाऱ्यास आपण दिवाळीपर्यंत आहोत की नाही हे ठाऊक नसते, त्याने पाच वर्षांचा विचार कसा करावा? महाविद्यालयात याने निकाल बिघडतो. तेथे काय बिघडते ते नांदेडने पाहिले.

आणि आता आमचा स्वतःचा अपराध. लातूर म्हटले की आज सबंध महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणतो. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांपासून जी अभ्यासाची शिस्त निघाली, तिच्या बळावर या मुलखातून दर वर्षी कितीतरी मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. आता नांदेडही त्या पंक्तीस येऊन बसले आहे. गल्लोगल्ली शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी. आम्हीही या कारखान्यातले एक जुने कारागीर आहोत. आमच्या वर्गात बसलेली मुले आज मुंबईस, पुण्यास, लंडनला शस्त्रक्रिया करतात. त्यांची छायाचित्रे महाविद्यालयाच्या दर्शनी भागात लागतात आणि आमची छाती फुगते. पण डॉक्टर घडविणाऱ्या या मुलखात, उदगीर-देगलूरच्या पलीकडे एखाद्या बाईस रात्री भूलतज्ज्ञ मिळावयाचा तर देव आठवावा लागतो. आम्ही त्या मुलांस शंभर मिनिटांत किती प्रश्न सोडवावेत हे शिकविले. एका जिल्ह्याचे आरोग्य आपल्या अंगावर घेण्यातही पुरुषार्थ आहे हे एकदाही सांगितले नाही. वास्तविक उदाहरण हाकेच्या अंतरावर होते. १९६६ साली, लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव असताना, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे विवेकानंद रुग्णालय उभे केले. ते खाजगी न्यासाचे, त्याची सरकारी रुग्णालयाशी सरसकट तुलना करणे न्याय्य नाही, हे आम्ही जाणतो. पण शस्त्रक्रिया करणारा हातच संस्थेचा हिशेबही पाहू शकतो, आणि पन्नास वर्षे पाहू शकतो, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील बायांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापले. तेथे डॉक्टर मृत्यू मोजीत होता, उपाय योजीत होता, आणि अंमलही तोच करीत होता. सेमेल्वाइसला जे मिळाले नाही ते त्यांनी स्वतःची संस्था काढून मिळविले. सरकारी डॉक्टराने काय करावे? त्याने नोकरी सोडल्यावाचून हे घडणारच नाही काय?

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो सीमेवरच्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आम्ही त्यास सहज विचारले, "अरे, तुझा वरिष्ठ कोण?" त्याने बोटे मोजीत चार-पाच हुद्दे सांगितले, त्यांतल्या एकाची बैठक सोमवारी असते, दुसऱ्याची गुरुवारी, तिसऱ्यास तक्ता पाठवावयाचा असतो. "आणि रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, रक्त थांबेना, तर कोणास विचारतोस?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, माझा एक वर्गमित्र लातुरात खाजगी प्रॅक्टिस करतो. त्याला फोन लावतो. तो उचलतो बिचारा."

ज्या राज्यात वैद्यकीय शिक्षणास एक मंत्री आहे, आरोग्यास दुसरा आहे, त्या राज्यात रात्री दोन वाजता बाळंतिणीचा जीव एका वर्गमित्राच्या भलेपणावर लटकतो.

आमचे मागणे फार मोठे नाही. अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक हे कायम असावेत, निवडून घेतलेले असावेत, आणि त्यांना निदान पाच वर्षे कोणी हलवू नये. जिल्ह्यातील सर्व सरकारी रुग्णसेवेवर, खाते कोणतेही असो, प्रसूती, बालरोग, शस्त्रक्रिया अशा एकेका शाखेपुरता एकेका ज्येष्ठ तज्ज्ञाचा शब्द चालावा. किनवटच्या डॉक्टराने रात्री ज्याला विचारावयाचे तो माणूस नावानिशी ठरलेला असावा, आणि त्याने दूरध्वनी उचलला नाही तर त्यास जाब विचारता यावा. औषध, सफाई आणि तात्पुरत्या नेमणुका एवढ्यापुरता पैसा रुग्णालयाच्या प्रमुखाच्या हाती असावा. कारभाराची गुंतागुंत सांभाळण्यास त्याच्या हाताखाली, लक्षात घ्या, हाताखाली, एखादा जाणता प्रशासक द्यावा. त्याच्या मोबदल्यात त्या प्रमुखाने बाहेरचा दवाखाना बंद करावा, ज्येष्ठांच्या रात्रपाळ्या लावाव्यात, आणि प्रत्येक महिन्याला आपल्या रुग्णालयात किती माता आणि किती बालके दगावली, आणि त्यांतली किती वाचविता आली असती, हे सही करून दाराशी लावावे. केंद्र सरकारने २०२२ साली सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाच्या स्वतंत्र श्रेणीविषयी मार्गदर्शक सूत्रे राज्यांकडे धाडलेली आहेतच. निदान त्यांवरची धूळ तरी झटकावी. यानंतरही अर्भके हकनाक गेली तर त्या प्रमुखास खुशाल न्यायालयात उभे करा. अधिकार दिल्यावर केलेली शिक्षा न्याय ठरते. अधिकार न देता हाती दिलेला झाडू हा निव्वळ तमाशा होतो.

हे होत का नाही, याचे एक कारण या मासिकाच्या वाचकांच्या घरात आहे, आणि आमच्याही. आपण तेथे जात नाही. आपल्या सुना-लेकींची बाळंतपणे बाहेर होतात. विम्याचे कार्ड खिशात असते. ज्या पाणपोईवर आपण पाणी पीत नाही तिच्या रांजणाकडे आपले लक्ष जात नाही. रुग्ण कल्याण समित्या २००५ पासून आहेत, त्यांत नागरिकांना जागा आहेत. त्या जागांवर कोण बसते हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे? आमच्या महाविद्यालयातील आम्ही तिघांनी यंदा एका सरकारी रुग्णालयाकडे असा अर्ज दिला की, आपल्याकडील माता आणि बालमृत्यूंचे मासिक आकडे, आणि त्यांवर कोणत्या ज्येष्ठ डॉक्टराने काय शेरा मारला, ते आम्हांस पाहू द्यावे. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारले, "तुमचे कोणी वारले आहे का?" आम्ही नाही म्हटले. त्याने अर्जावर शिक्का मारला, पण तो कोणत्या टेबलाकडे पाठवावा हे त्यास ठरविता येईना; अखेर त्याने तो जावक टपालाच्या ढिगाखाली ठेवला. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.